काविळीत गुळवेल वाढवायची की थांबवायची? घरच्या काढ्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ४६ वर्षांच्या, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावात राहणाऱ्या. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. नऊ वर्षांपासून हायपोथायरॉइडिझम आणि त्यासाठी रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी. मधुमेह नाही, दारू नाही, पूर्वी कधी कावीळ झालेली नाही.

परसात कडुनिंबावर चढलेली जुनी गुळवेल आहे. सासूबाईंना रानातल्या वनस्पतींची चांगली जाण. कुणाला ताप आला, अंगावर पित्त उठलं, की याच वेलीचा काढा द्यायचा, ही घरातली जुनी रीत. तो तीन दिवस, फार तर आठवडाभर चालायचा आणि बरं वाटलं की बंद व्हायचा. हा मुदतीचा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, तरी पाळला जात होता.

२०२० च्या पावसाळ्यानंतर हे बदललं. कोरोनाच्या धास्तीनं काढा ‘प्रतिकारशक्तीसाठी’ म्हणून रोज सुरू झाला. आयुष मंत्रालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये दिलेल्या सूचनांत गुडूची घन, म्हणजे गुळवेलीचा आटवलेला अर्क, ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १५ दिवस किंवा एक महिना, असं मुदतीसकट लिहिलं होतं. घराघरात पोचलं ते फक्त ‘गुळवेल घ्या’ एवढंच. आजारात घ्यायचं औषध निरोगी माणूस बेमुदत घेऊ लागला की ‘कधी थांबायचं?’ या प्रश्नाला उत्तरच उरत नाही. या प्रकरणाची सुरुवात तिथून आहे.

काढ्याची कृती चांगली होती, हे मुद्दाम नोंदवायला हवं. अंगठ्याएवढं जाड, पिकलेलं खोड कापलं, वरचा पातळ पापुद्रा खरवडला, इंच-दीड इंचाचे तुकडे केले, सावलीत वाळवले आणि स्टीलच्या डब्यात भरले. रोज सकाळी पसाभर तुकडे ठेचून सहा ग्लास पाण्यात घालायचे आणि मंद आचेवर दीड ग्लास उरेपर्यंत आटवायचे. पुढे सासूबाईंनाच त्या डब्यातून पसा भरायला लावून वजन केलं, तर ते ७५ ग्रॅमच्या आसपास भरलं. म्हणजे औषधाच्या सोळापट पाणी आणि ते आटवून चौथा हिस्सा, हे काढ्याचं एक प्रचलित प्रमाण हातानं अचूक पाळलं जात होतं. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथात, गुळवेलीच्या काढ्यासाठी माणशी रोज २० ते ३० ग्रॅम द्रव्य सांगितलं आहे. पिणारे तिघं होते: सासूबाई, मुलगा आणि सून, म्हणजे ही रुग्ण. माणशी २५ ग्रॅम. पहिल्या दिवशी मात्रा चोख होती.

अडचण कशी वाढत गेली

तिसऱ्या आठवड्यात मुलानं कडू लागतो म्हणून काढा सोडला. सासूबाई अर्ध्या वाटीवर आल्या. पातेल्यात पडणारा पसा मात्र तेवढाच राहिला. केलेला काढा वाया कशाला घालवायचा, म्हणून उरलेला सगळा सुनेच्या ग्लासात जाऊ लागला. कुणी ठरवून मात्रा वाढवली नाही, पण तिच्या वाट्याचे २५ ग्रॅम साठीच्या घरात गेले. त्यातच एका नातेवाइकानं आणून दिलेल्या ‘इम्युनिटी’च्या गोळ्या सुरू झाल्या, रोज दोन. डबीवर घटक म्हणून गुडूची घन लिहिलं होतं. घन म्हणजे आटवून कोरडा केलेला अर्क. त्यामुळे गोळी अर्ध्या ग्रॅमची दिसली तरी तिच्यात गेलेलं खोड त्याच्या कित्येक पट असतं. घरात कुणालाच ‘गुडूची’ आणि परसातली गुळवेल एकच आहे हे लक्षात आलं नाही.

आठव्या आठवड्यात थकवा आणि अन्नावरची वासना जाणं सुरू झालं. जवळच्या दवाखान्यात आम्लपित्ताचं औषध मिळालं. ‘दुसरं काही औषध चालू आहे का?’ असं तिथे विचारलं गेलं होतं. ‘नाही, थायरॉइडची गोळी तेवढी,’ असं उत्तर दिलं गेलं. त्यात लपवाछपवी नव्हती. काढा हे औषध आहे असं घरात कुणी धरतच नव्हतं.

दहाव्या आठवड्यात लघवी गडद झाली, मग डोळे पिवळे दिसू लागले. गुळवेल काविळीवर दिली जाते, हे सासूबाईंना ठाऊक होतं आणि ते खरंच आहे. आयुर्वेदात कामला म्हणजे काविळीच्या चिकित्सेत गुळवेलीला मानाचं स्थान आहे. म्हणून काढा एकदाऐवजी दोनदा झाला. सहा दिवस रोज दोन पसे, आणि पिणारी जवळजवळ एकटी सून.

या सहा दिवसांकडे अज्ञान म्हणून बघितलं तर चूक होईल. जे ज्ञान होतं ते खरं होतं, फक्त अपुरं होतं. कावीळ हे लक्षण आहे. ती विषाणूनं होते, पित्तनलिकेत खडा अडकून होते, रक्तपेशी फुटल्यानं होते, औषधानंही होते. ‘काविळीवर अमुक वनस्पती’ हे सूत्र लागू करण्याआधी ही कावीळ कशानं झाली हे विचारावं लागतं. आणि जी वस्तू आधीच दोन महिने पोटात जाते आहे, ती कारणांच्या यादीत सगळ्यात वर ठेवावी लागते.

समोर आलेले पर्याय

अकराव्या आठवड्यात कुटुंब ओळखीच्या आयुर्वेदिक डॉक्टरांकडे गेलं. त्यांनी प्रश्न वेगळा विचारला: “सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पोटात काय काय जातं, ते सांगा. चहासुद्धा.” तेव्हा काढा आणि गोळ्या दोन्ही बाहेर आलं. सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टर, आता गुळवेल बंद केली तर कावीळ वाढेल ना?”

त्या वेळी चार वाटा समोर होत्या.

गुळवेल चालू ठेवून कुटकी किंवा पुनर्नवा जोडायची, ही पहिली. घरच्यांची अपेक्षा बरीचशी हीच होती. गुळवेल थांबवून तिच्या जागी भुईआवळ्याचा रस द्यायचा, ही दुसरी. वरवर पाहता सगळ्यात सोयीची, कारण त्यात वैद्याचा मानही राहतो आणि रुग्णाला काहीतरी दिल्याचं समाधानही. तिसरी वाट शेजाऱ्यांनी सुचवली होती: नाकात देवडांगरीच्या फळाच्या पाण्याचे थेंब टाकून कावीळ ‘उतरवणारा’ एक माणूस. नाकातून पिवळं पाणी धो-धो वाहतं आणि पाहणाऱ्याला वाटतं की कावीळच बाहेर पडली. प्रत्यक्षात ते तीव्र दाहक फळानं नाकाच्या अस्तराला झालेल्या जळजळीचं पाणी असतं. काविळीचं पिवळं रंगद्रव्य, बिलिरुबिन, त्या वाटेनं बाहेर पडत नाही. चौथी वाट म्हणजे सगळ्या वनौषधी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं.

डॉक्टरांनी चौथी धरली. दुसरी नाकारण्यामागचं त्यांचं कारण ध्यानात ठेवावं असं आहे. भुईआवळा वाईट आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. यकृताला इजा करणारी वस्तू थांबवल्यावर रक्तातले आकडे उतरतात की नाही, हा निदानातला सगळ्यात मोलाचा पुरावा असतो. त्याच दिवशी दुसरं काही सुरू केलं तर आकडे उतरल्यावर श्रेय कुणाचं आणि चढले तर दोष कुणाचा, हे कळायचा मार्ग बंद होतो.

थायरॉक्सिन मात्र चालू ठेवली. ‘सगळं बंद’ म्हटल्यावर रुग्ण अत्यावश्यक गोळीही सोडतात, म्हणून काय बंद आणि काय चालू हे त्यांनी कागदावर दोन रकाने करून लिहून दिलं. बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली: गोळी आणि काढा पाच मिनिटांच्या अंतरानं घेतले जात होते. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा चालत नाही. मग काढा कसा चालेल?

काय केलं

पहिल्या तपासणीत बिलिरुबिन ११.४, एसजीपीटी ९८० आणि एसजीओटी ८९० (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइमं), अल्कलाइन फॉस्फटेज १६५ (पित्तनलिका अडली की वाढणारं एन्झाइम), आयएनआर १.५ (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचं माप). एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या वीसपटीहून जास्त आणि अल्कलाइन फॉस्फटेज जेमतेम वाढलेलं, याचा अर्थ मार यकृताच्या पेशींवर आहे, पित्तनलिकेवर नाही. सोनोग्राफीत नलिका मोकळ्या दिसल्या. औषधानं झालेल्या इजेत एसजीपीटी तिपटीहून जास्त आणि बरोबर बिलिरुबिन दुपटीहून जास्त असेल, तर मृत्यूचा धोका सुमारे दहात एक धरला जातो. आयएनआरही चढलेला होता, म्हणजे रक्त गोठवणारे घटक बनवण्यात यकृत मागे पडत होतं. घरी ठेवून वाट पाहण्याची ही वेळ नव्हती. डॉक्टरांनी त्याच दिवशी यकृततज्ज्ञांकडे पाठवलं, आणि पाठवताना काढ्याचा डबा, गोळ्यांची डबी आणि वेलीची पानांसकट एक फांदी बरोबर द्यायला सांगितलं. वस्तू फेकून दिल्यावर ओळख पटवणं किती अवघड होतं, हे अशा प्रकरणांत काम केलेल्यांना माहीत असतं.

रुग्णालयात हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई या चारही तपासण्या नकारात्मक आल्या. एएनए (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) मात्र पॉझिटिव्ह आली आणि आयजीजी हे प्रतिपिंड वाढलेलं होतं. थायरॉइडचा आजारही शरीराच्या स्वतःवरच उलटलेल्या प्रतिकारशक्तीतून आल्याची शक्यता होतीच. मग प्रश्न उभा राहिला: हा मुळातला ऑटोइम्यून हिपॅटायटिस, म्हणजे प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्यानं होणारा दाह आहे, की गुळवेलीनं उठवलेला तसाच दिसणारा दाह?

हा फरक कागदी नाही. पहिला असेल तर स्टेरॉइड लवकर सुरू करावं लागतं आणि उपचार बहुधा वर्षानुवर्षं चालतात. दुसरा असेल तर कारण थांबवल्यावर बहुतेकदा आपोआप उतरतो. अशा रुग्णाला घाईनं स्टेरॉइड दिलं तर ती बरी होईल, पण कशानं बरी झाली हे कळणार नाही. मग गोळी थांबवायची हिंमत कुणी करायची?

तिसऱ्या दिवशी एसजीपीटी ७६० वर आलं होतं, पण बिलिरुबिन १२.६ पर्यंत चढलं होतं. नातेवाइकांचा धीर इथे सुटू लागला. गुळवेल बंद केल्यामुळेच कावीळ वाढली, अशी कुजबुज झाली. वास्तविक बिलिरुबिन एन्झाइमच्या मागून काही दिवसांनी उतरतं. इथे एक गोष्ट मात्र तज्ज्ञांनी डोळ्यांत तेल घालून पाहिली. एसजीपीटी उतरतंय आणि आयएनआर चढतोय असं दिसलं, तर ती सुधारणा नसते. फुटायला पेशीच उरलेल्या नाहीत, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. या रुग्णात आयएनआर १.५ वर स्थिर होता. तिची झोप, बोलणं, उत्तरं देणं व्यवस्थित होतं. दिवसा गुंगी आणि रात्री जाग, असंबद्ध बोलणं, हात पुढे धरल्यावर फडफडणारे पंजे ही खुणांची यादी घरच्यांना समजावून दिली आणि स्टेरॉइडचा निर्णय पाच दिवस पुढे ढकलला.

आठव्या दिवशी एसजीपीटी ४३०, बिलिरुबिन १०.१, आयएनआर १.३. कारण थांबवल्यावर आठ दिवसांत एसजीपीटीची वाढ निम्म्याहून खाली येणं, हा औषधानं झालेल्या इजेच्या बाजूचा भक्कम पुरावा मानतात. आयएनआर उतरल्यावर, नवव्या दिवशी, यकृताचा तुकडा तपासायला घेतला. त्यात इंटरफेस हिपॅटायटिस (यकृताच्या पेशीसमूहांच्या कडेचा दाह), प्लाझ्मा पेशी आणि थोडे इओसिनोफिल (दोन्ही प्रतिकारशक्तीच्या पेशी) दिसले. हे चित्र दोन्ही निदानांशी जुळतं. बायोप्सी निकाल देईल असं कुटुंबाला वाटत होतं. तिनं निकाल दिला नाही. आकडे उतरत होते म्हणून स्टेरॉइड न देता थांबायचं ठरलं.

वेल नेमकी कोणती होती

सगळ्यांनाच, सासूबाईंना सर्वांत जास्त, मनातून वाटत होतं की वेल चुकीची निघावी. तशी शक्यता होतीही. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताच्या इजेबद्दल लिहिलं तेव्हा, वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जात असू शकेल, असा आक्षेप आयुष मंत्रालयानं घेतला होता. म्हणून फांदी आणि डबा वनस्पतिशास्त्राच्या जाणकारांकडे गेला.

खरी गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. पान हृदयाच्या आकाराचं आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. जून खोडावर कागदासारखा पापुद्रा सुटतो आणि नखानं खरवडलं की खाली हिरवं दिसतं. कापल्यावर दुधासारखा चीक येत नाही. फुलाला सहा पाकळ्या. फळं मादी वेलीवरच येतात. ती वाटाण्याएवढी, गोल, पिकल्यावर लाल. क्रिस्पाचं खोड करडं असून त्यावर चामखिळीसारखे उंचवटे दाटीनं असतात, कापलं की पांढरट चीक येतो, पाकळ्या तीन आणि फळ लांबट, नारिंगी. ही जात ईशान्य भारतात आणि आग्नेय आशियात वाढते, पण वेल तुकड्यातून लागत असल्यामुळे कुणाच्याही हातानं कुठेही पोचू शकते. तिसरी जात टिनोस्पोरा सायनेन्सिस आपल्या रानांतही भेटते. तिच्या पानाची खालची बाजू मखमलीसारखी केसाळ लागते. पानावरून अंगठा फिरवला की हा फरक लगेच कळतो.

दोन समज इथे दूर करायला हवेत. खोड आडवं कापल्यावर चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसली की गुळवेल पक्की, असं बरेचजण मानतात. ती रचना या कुळातल्या इतर वेलींतही दिसते. कडू चवीवरूनही ठरत नाही; क्रिस्पा तर जास्तच कडू. वाळलेले तुकडे हातात आले आणि पान, फळ, ताजं खोड यांपैकी काहीच नसेल, तर डोळ्यांनी खात्री देणाऱ्याचं ऐकू नये.

परसातल्या वेलीवर लाल गोल फळं होती, पान गुळगुळीत होतं, खोडावर उंचवटे नव्हते, चीक नव्हता. डब्यातले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली त्या वेलीच्या खोडाशी जुळले आणि थिन लेअर क्रोमॅटोग्राफी या घटक वेगळे करून पाहण्याच्या चाचणीत प्रमाणित नमुन्याशीही. शिसं, आर्सेनिक, पारा मर्यादेच्या आत होते. म्हणजे वेल खरी गुळवेलच होती. डब्याच्या तळाशी काही तुकड्यांच्या गाभ्यात पांढरी बुरशी मात्र सापडली. अंगठ्याएवढं खोड बाहेरून कोरडं वाटतं तेव्हा आत ओल असते. तुकडा हातानं मोडल्यावर कट्‌कन तुटायला हवा. वाकला तर तो डब्यात भरायच्या लायकीचा नाही. बुरशीनं किती भर घातली हे सांगता येणार नाही, पण असा एकही तुकडा काढ्यात जाता कामा नये.

खरी वेल आणि तरीही इजा, हे पचायला जड गेलं. याचं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण असं: गुळवेल प्रतिकारशक्तीच्या पेशींना चेतवते, हाच तिचा लौकिक. ज्या शरीरात ती शक्ती आधीच स्वतःच्या अवयवांवर उलटायला टपलेली आहे, तिथे मोठ्या मात्रेत, महिनोन्‌महिने दिलेलं चेतवणं यकृतावर येऊ शकतं. २०२२ मध्ये भारतातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातही ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं चित्र ठळक होतं.

परिणाम

तिसाव्या दिवशी बिलिरुबिन ३.२ आणि एसजीपीटी ११०. काढा थांबवल्यानंतरच्या दहाव्या आठवड्यात दोन्ही आकडे ठीक झाले. स्टेरॉइड लागलं नाही. सहा महिन्यांनी आणि वर्षानं केलेल्या तपासण्या स्वच्छ आल्या, आयजीजीही खाली आलं. एएनए हलकं पॉझिटिव्ह राहिलं. वर्षभर औषधाशिवाय दाह परतला नाही, त्यामुळे वजन गुळवेलीच्या बाजूला पडलं. कार्यकारणाच्या रूकॅम या गुणपद्धतीत ७ गुण आले, म्हणजे ‘संभाव्य’. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे तीच वस्तू पुन्हा देऊन पाहणं, आणि ते कुणीही करू नये. दुसऱ्या वेळची इजा पहिलीपेक्षा वेगानं आणि जोरानं येऊ शकते.

काढा पिणाऱ्या इतरांचं रक्तही तपासलं. सासूबाई सत्तरीच्या, अडीच महिने रोज अर्धी वाटी घेत होत्या. त्यांचं यकृत ठणठणीत होतं. मुलाचंही. ‘घरात बाकी कुणाला काही झालं नाही’ हा युक्तिवाद अशा वेळी हमखास पुढे येतो, पण त्या दोघांच्या ठीक असण्यानं सुनेची इजा खोटी ठरत नाही.

आयुर्वेदिक डॉक्टरांनी प्रकरणाची नोंद आयुषच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे केली. हा कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे आणि त्याचं राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. घरगुती काढ्याला बॅच नंबर नसतो म्हणून अनेकजण फॉर्म भरतच नाहीत. त्या जागी ‘घरगुती’ लिहून वनस्पतीचा भाग, ताजा की वाळलेला, रोजचं वजन, सुरू आणि बंद केल्याच्या तारखा दिल्या तरी नोंद उपयोगी पडते.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी आठव्या आठवड्यात हुकली. आम्लपित्ताचं औषध देताना ‘काढा, रस, चूर्ण, इम्युनिटीच्या गोळ्या, कुणी दिलेली पुडी’ असे शब्द घेऊन विचारलं असतं आणि दोन साध्या रक्ततपासण्या केल्या असत्या, तर बहुधा कावीळ दिसायच्या आतच काढा थांबला असता. ‘दुसरं औषध’ या शब्दांत काढा बसत नाही, हे दवाखान्यानं गृहीत धरायला हवं.

दुसरी संधी तिसऱ्या आठवड्यातली. मुलानं काढा सोडला त्या दिवशी पसा कमी व्हायला हवा होता. आमच्या मते घरगुती वापरात हीच सगळ्यात सहज होणारी आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी चूक आहे. काढा पातेल्याच्या मापानं न करता माणशी वजन करून लावावा, आणि उरला तर टाकून द्यावा. ताजी गुळवेल वापरणाऱ्यांसाठी शार्ङ्गधरसंहितेतला नियम नेमका आहे: ओलं द्रव्य एरवी दुप्पट घ्यायचं, पण गुळवेल, अडुळसा, शतावरी अशी काही द्रव्यं ताजी घेतली तरी दुप्पट करायची नाहीत. ‘ओली आहे, जरा जास्त टाका’ हे गुळवेलीला लागू नाही.

मुदतीबद्दल मतभेद आहेत. घेणाऱ्या प्रत्येकाचं यकृत आधी तपासावं, असं काही तज्ज्ञ म्हणतात. गावपातळीवर ते होणार नाही आणि त्याच्या भरवशावर राहणंही बरोबर नाही. त्यापेक्षा सुरू करतानाच शेवटचा दिवस ठरवावा आणि दिनदर्शिकेवर लिहावा. थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार, ल्युपस, संधिवात, कोड किंवा यकृताचा जुना विकार असलेल्यांनी प्रतिकारशक्तीसाठी म्हणून गुळवेल घेऊच नये, आणि उपचारासाठी घ्यायची झाल्यास वैद्याच्या नजरेखाली, रक्त तपासत घ्यावी. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर तिच्यामुळे जास्त खाली जाऊ शकते, हेही त्यातच आलं.

सासूबाईंनी विचारलं होतं की वेल तोडून टाकायची का. तोडायचं कारण नाही, असं त्यांना सांगितलं. तापातला तीन दिवसांचा काढा आणि हे अकरा आठवडे यांची बरोबरी होऊ शकत नाही. सुनेसाठी मात्र गुळवेल कायमची बंद आहे, कुठल्याही रूपात. तिच्या फाइलीत एक कागद लावला आहे, औषधाच्या दुकानात दाखवण्यासाठी: गुळवेल, गुडूची, अमृता, गिलोय, छिन्नरुहा यांपैकी कुठलंही नाव घटकांत असेल तर घेऊ नये. खाली तयार औषधांची नावं आहेत: संशमनी वटी, गुडूची घन, गुळवेल सत्त्व, अमृतारिष्ट, अमृतादि गुग्गुळ. च्यवनप्राशाचं नाव त्यात नंतर जोडलं, कारण त्यातही गुळवेल असते आणि तो डबा घरात आधीपासून होता.